ईव्हो घ्यायची तर आधी तळ बघ, बूस्टचं नंतर

प्रश्न थोडक्यात असा आलाय. पोरगा मर्चंट नेव्हीत, घर वेंगुर्ल्याच्या बाजूला, समुद्र अगदी हाकेवर. सुट्टीत चालवायला जपानी परफॉर्मन्स गाडी हवीय आणि समोर तीन पर्याय आहेत. गोव्यातली २०११ ची मित्सुबिशी लान्सर ईव्हो १०, विकणारा तिसरा मालक, 'थोडी मॉडिफाय केलेली'. मुंबईत कोणाकडे तरी निसान स्कायलाईन आर३४, किंमत ऐकून विश्वास बसत नाही इतकी कमी, 'कागद होऊन जातील'. नाहीतर स्वतःच बाहेरून आणायची, दुबईहून किंवा थेट जपानहून. गाडी आली की चारशे हॉर्सपॉवर करायचे आणि आंबोलीला जायचं. "दादा, काय करू?"

तर बाबू, स्कायलाईनचा नंबर आधी फोनमधून डिलीट कर. स्वतः आणायचं जवळजवळ जमणार नाही, का ते सांगतो. ईव्हो बघण्यासारखी आहे, पण तू ज्या क्रमाने विचार करतोयस तो उलटा आहे. मी बरीच वर्षं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जपानी गाड्यांवरच काम केलं आणि आता कुडाळच्या बाजूला तेच करतो. तिकडे गाड्या इंजिन उडून यायच्या, लोक बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवून वाळवंटात पळवायचे. आपल्याकडे इंजिन धडधाकट असतं आणि गाडी खालून संपलेली असते, नाहीतर कागदावर संपलेली असते. म्हणून माझा क्रम कागद, मग तळ, मग थंड ठेवणं आणि थांबवणं, आणि हॉर्सपॉवर सगळ्यात शेवटी.

आधी आयातीचं. आपल्या देशात वापरलेली गाडी आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टीअरिंग उजवीकडेच लागतं, आणि वापरलेल्या गाडीला मुंबईचंच कस्टम्स बंदर. आता तू दुबईचं म्हणतोस, तिकडच्या रस्त्यावरच्या गाड्या डावीकडच्या स्टीअरिंगच्या, म्हणजे विषय तिथेच संपला. जपानची गाडी उजवीकडची आहे, पण तीन वर्षांच्या आतली म्हणजे जीआर यारिस वगैरे, आणि तिच्यावरची ड्युटी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त जाते, वर आपला रोड टॅक्स. एवढे पैसे असते तर तू मला विचारलंच नसतंस. बाकी जपानच्या लिलावाचे व्हिडिओ बघत रात्र काढायला माझी हरकत नाही, ऑक्शन शीट, म्हणजे लिलावातल्या गाडीचा तपासणी कागद, वाचायला शीक, ज्ञान वाया जात नाही. दरवाजाच्या चित्रावर 'ए' म्हणजे ओरखडा, 'यू' म्हणजे पोचा, 'एस' म्हणजे गंज, ग्रेडच्या जागी 'आर' असेल तर ठोकून दुरुस्त केलेली. कोणी जपानची शीट दाखवून गाडी विकायला आला तर निदान फसणार नाहीस.

आता स्कायलाईन. आर३४ बनायची बंद झाली २००२ मध्ये. ती कधी भारतात अधिकृत विकली गेली नाही, आणि तीन वर्षांच्या नियमात बसवून आणायची तर तेव्हाच आणायला हवी होती. मग आज रस्त्यावर दिसते ती कुठून आली? काही कार्नेवर आलेल्या असतात, म्हणजे फिरायला म्हणून तात्पुरत्या आणायच्या आणि ठरलेल्या मुदतीत परत न्यायच्या, त्या परत गेल्याच नाहीत. काही तुकड्यांत येतात, 'हाफ कट' म्हणून स्पेअर पार्टच्या नावाखाली, आणि इथे वेल्डिंग करून दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीच्या कागदावर चढतात. काही शेजारच्या देशातून. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' काढलं ते आठवतंय ना, भूतानमार्गे आणलेल्या गाड्या लोकांच्या दारातून उचलल्या, आणि त्यात 'मी तर फक्त सेकंडहँड घेतली' म्हणणारेही होतेच. कस्टम्सला तू कितवा मालक आहेस याच्याशी घेणंदेणं नसतं, ड्युटी भरली नसेल तर माल जप्त होऊ शकतो, मग तो कोणाच्याही अंगणात असो. पैसे विकणाऱ्याकडून तू वसूल करत बस. आणि 'कागद होऊन जातील' हे वाक्य ज्या गाडीबद्दल बोललं जातं तिचे कागद आजपर्यंत झालेले मी तरी बघितले नाहीत.

हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. चेसिस नंबर बघ, आरसीवरचा नाही, पत्र्यावर कोरलेला. जपानात तिथल्याच बाजारासाठी बनलेल्या गाडीला १७ अक्षरी नंबर नसतो, मॉडेल कोड, मध्ये आडवी रेघ आणि पुढे आकडे असतात, जसं आर३४ जीटीआरला 'बीएनआर३४' आणि पुढे आकडे. निर्यातीसाठी बनलेल्या जपानी गाडीला १७ अक्षरी नंबर असतो आणि तो 'जे' ने सुरू होतो. भारतात बनलेल्या गाडीचा 'एम' ने, 'एमए' वगैरे. म्हणजे समोर जपानी राक्षस उभा आहे आणि आरसीवर 'एमए' ने सुरू होणारा नंबर असेल, तर समजायचं की कागद एका गरीब सेडानचा आहे आणि ती सेडान कधीच भंगारात गेली. कोरलेल्या नंबरावर बोट फिरव, आजूबाजूच्या पत्र्याला ग्राइंडरच्या खुणा, पुटी, वेगळ्या पोताचा रंग लागला तर हात पुसून निघायचं.

ह्याच्यातलाच एक प्रकार म्हणजे इंजिन स्वॅप, तू विचारलं नाहीस पण तुला कोणीतरी सुचवणारच. साध्या लान्सरमध्ये किंवा सीडियात कुर्ल्याहून आणलेलं जुन्या ईव्होचं ४जी६३ टर्बो इंजिन बसवायचं, होंडा सिटीत होंडाचंच बी सीरिज इंजिन. गाड्या भन्नाट होतात, खोटं कशाला बोलू. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, कंपनीने बनवलं त्यापेक्षा वेगळं गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचं सोड, खरी गोष्ट विम्याची आहे. घाटात समोरच्याला लागलं आणि सर्व्हेअरने इंजिन नंबर आरसीशी ताडून बघितला, की बाग विकायची वेळ. असली गाडी ट्रेलरवर घालून ट्रॅकला न्यायची असेल तर मी स्वतः बांधून देतो. रस्त्यावर चालवायला नाही.

आता ईव्हो. ही गाडी कंपनीने २०१० मध्ये इथे अधिकृत आणली, म्हणून हिच्या कागदाला तरी पाया आहे. मूळ इन्व्हॉइस किंवा बिल ऑफ एन्ट्रीची (कस्टम्सचा आयातीचा कागद) कॉपी माग, आरसीवरचा रंग आणि समोरचा रंग एक आहे का बघ (रॅप केलेली असेल तर खालचा बघ), कर्जाचा बोजा उतरलाय का बघ. कोणी परदेशातून कायमचं परत येताना आणलेली गाडी असेल तर तिच्या आरसीवर विक्रीबंदीचा शेरा असतो, तसला काही नाही ना तेही बघ. गोवा पासिंग आहे, तू वेंगुर्ल्यात ठेवणार, तर बारा महिन्यांच्या वर ठेवायची असेल तर एमएच-०७ करावीच लागेल. गोव्यातून एनओसी, फॉर्म २८, इकडे टॅक्स भरायचा आणि तिकडचा उरलेला टॅक्स परत मागायचा, तो कधी मिळेल ते रवळनाथालाच ठाऊक. 'गोवा पासिंगच राहूदे, आपल्याकडे सगळेच फिरतात' हे मला माहिताय, पण साधी अल्टो फिरते आणि लाल ईव्हो फिरते यात फरक आहे, नाक्यावरचा पोलीस दुरूनच हात दाखवतो.

आणखी एक, हे विकणारा सांगणार नाही. गाडी २०११ ची, म्हणजे खाजगी गाडीची पंधरा वर्षं २०२६ मध्ये भरतात. त्यानंतर फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी रिन्यू करायची, आणि आयात गाडीची ती फी एप्रिल २०२२ पासून ४० हजार आहे, देशी गाडीला ५ हजार. वीस वर्षं झाली की २०२५ च्या नव्या दरांनी ८० हजार. वर ग्रीन टॅक्स. सौदा करताना हे त्याच्या तोंडावर टाक, किंमत तिथेच खाली येते. आणि रिन्यूअलला गाडी आरटीओसमोर उभी राहणार, तेव्हा तिचा एक्झॉस्ट आणि काचा कंपनीच्याच असलेल्या बऱ्या.

कागद जमले की तळ. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

कोकणात फिरलेली गाडी वरून बघूच नये. लिफ्टवर चढवायची, लिफ्ट नसेल तर सर्व्हिसिंगवाल्याच्या खड्ड्यावर न्यायची, आणि टॉर्च, एक बोथट स्क्रूड्रायव्हर, लोहचुंबक सोबत घ्यायचं. विकणारा आदल्या दिवशी तळ धुवून काळा अंडरकोट मारून आणेल, तो ताजा रबरी वास आला की समजून जायचं. दरवाजाखालची सिल हाताने चाचपायची, पाणी निघायची छोटी भोकं असतात ती जांभ्याच्या लाल मातीने बुजलेली असतात, आत चिखल ओला राहतो, वर खारा वारा, आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. बाहेरून रंग चकाचक. भोकात स्क्रूड्रायव्हर घालून माती काढ, लाल माती आली तर ठीक, मातीबरोबर पापुद्रे आले तर दाबून बघ. आमच्याकडे येणारा एक म्हातारा पेंटर आहे, तो नुसतं अंगठ्याने दाबतो आणि सांगतो, "हो पत्रो नाय रे, पापड आसा." त्याचं आजवर चुकलेलं नाही. मागच्या चाकाच्या कमानीत आतल्या बाजूला, स्पेअर व्हीलच्या खड्ड्यात, मागच्या सबफ्रेमच्या वेल्डिंगवर हेच करायचं.

ईव्हो १० मध्ये अजून एक भानगड म्हणजे बॉनेट, पुढची मडगार्डं आणि छप्पर ॲल्युमिनियमचं, बाकी बॉडी लोखंडाची. दोन धातू जिथे भेटतात तिथे मिठाचं पाणी गेलं की ॲल्युमिनियम पांढरं फुलतं. छपराच्या कडेची रबर पट्टी नखाने जरा उचलून बघ. सस्पेन्शनलाही तेच, ॲल्युमिनियमच्या आर्ममध्ये लोखंडी बोल्ट, बुशच्या नळीत बोल्ट असा जाम होतो की अलाइनमेंट करायला गेलं तर बोल्ट फिरत नाही, कापावाच लागतो, मग बुशसकट नवीन. म्हणून लिफ्टवर असतानाच मागच्या कॅम्बर बोल्टला (चाकाचा कल जुळवायचा बोल्ट) पाना लावून बघायचं, फिरतोय का. विकणारा कुरकुर करेल. करूदे.

पुराचं वेगळं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा वाशिष्ठीच्या पाण्यात किती गाड्या गेल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्यातल्या बऱ्याच विमा कंपन्यांनी टोटल लॉस म्हणून विकल्या आणि त्या कुठेतरी फिरतायतच. तिसऱ्या मालकाच्या गाडीचा जुलै २०२१ चा इतिहास विचारायचाच, कुठे होती, त्या काळातली सर्व्हिसची बिलं. आणि हाताने तपासायचं म्हणजे सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढ. वरचा मीटरभर पट्टा लोक धुतात, रिळातला शेवटचा भाग कोणी धुत नाही, तिथे गाळाची तपकिरी रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, कार्पेटखालचा फोम, डॅशच्या आतल्या कनेक्टरवर हिरवा गंज. आत अगरबत्ती आणि परफ्यूम जास्त झालं असेल तर कार्पेट उचलायचंच.

आता ह्या गाडीची दोन-तीन खास दुखणी. पहिलं म्हणजे मागच्या डाव्या-उजव्या चाकात ताकद वाटणारी एवायसी सिस्टीम. तिचा हायड्रॉलिक पंप मागच्या चाकाजवळ, प्लास्टिकच्या लायनरमागे बसवलाय, म्हणजे चाकाने उडवलेलं पाणी-मीठ-माती सगळं त्याच्या अंगावर. इंग्लंडसारख्या मिठाच्या रस्त्यांवर हे पंप सडून गेलेत, आपल्याकडे वेगळं काय होणार. मीटरवर एस-एडब्ल्यूसीची (एवायसी ज्या चारचाकी ड्राइव्ह सिस्टीमचा भाग आहे ती) सर्व्हिस वॉर्निंग आली की समजायचं. विकणारा बॅटरी काढून लावून तात्पुरती घालवतो, म्हणून स्कॅनर लावून कोड बघ, आणि नंतर तीस-चाळीस किलोमीटर चालवून परत लाव. लायनर काढून पंपाचं अंग बघता आलं तर उत्तमच, पांढरं-हिरवं फुललेलं असेल तर नव्या पंपाची किंमत सौद्यातून कापायची, आणि ती किंमत लहान नाही.

दुसरं म्हणजे टीसी-एसएसटी गिअरबॉक्स, दोन क्लचचा. थंड असताना सगळे छान वाटतात. अर्धा तास घाटात चालवून गरम कर आणि मग चढावर रिव्हर्स घाल, हळू सोड. झटका, थरथर, उशिरा पकडणं असेल तर क्लच पॅक गेले. तेल त्याच गिअरबॉक्सचं लागतं, मित्सुबिशीचं एसएसटीएफ, 'साधं एटीएफ चालतं' म्हणणाऱ्या मेकॅनिककडची गाडी घेऊच नको. तिसरं, हिच्या ४बी११ इंजिनाला टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात, पण तेल वेळेवर न बदलल्यास चेन लांबते. सकाळी पहिल्या स्टार्टला खडखड ऐक. म्हणून विकणाऱ्याला सांगायचं, 'मी पोचायच्या आत इंजिन गरम करून ठेवू नका', आणि तिथे पोचून बॉनेटला हात लावून बघायचं.

हे सगळं पार पडलं, गाडी दारात आली. लगेच ट्यूनरला फोन करू नको. बजेटचा तिसरा हिस्सा गाडी घेतानाच बाजूला काढलेला हवा, त्याला हात न लावता. त्यातून आधी सगळे द्रव बदल, इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर, मागचा डिफरन्शियल, कूलंट, ब्रेक. रेडिएटर आणि इंटरकूलरच्या जाळ्या खारवून पीठ झाल्या असतील तर बदल. आपला उकाडा तेवढा भयंकर नाही, पण घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढताना हवा कमी मिळते आणि तेल तापतं. ईव्होला नसेल पण निसान ३७०झेडला हाच रोग मोठा आहे, तुझ्या डोक्यात उद्या ती आली तर आधी ऑइल कूलर, मग बाकी.

ब्रेक कंपनीचेच ब्रेम्बो आहेत, पुढे चार पिस्टन मागे दोन, ह्याहून मोठे लावायचं काही कारण नाही. पावसात रात्रभर उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंज येतो तो पहिल्या चार ब्रेकला जातो, घाबरू नकोस. पण पॅड धरणाऱ्या पिना आणि पिस्टनची रबरं वर्षातून एकदा काढून साफ करायची, आणि ब्रेक ऑइल दर वर्षी पावसाळा संपल्यावर बदलायचं, कारण ते हवेतलं पाणी ओढतं आणि आंबोली उतरताना नेमकं तेव्हा उकळतं. पॅडल मऊ होऊन खाली गेलं की हॉर्सपॉवर आठवत नाही, देव आठवतो.

टायर २४५/४० आर१८. चांगल्यात चांगले पावसाचे टायर घे. सेमी-स्लिक, म्हणजे ट्रॅकचे जवळजवळ गुळगुळीत टायर, घेऊन कुठे जाणार? आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, धुकं असं की बॉनेट दिसत नाही, त्यात धबधब्याखाली रस्त्यावर माणसं. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, गोटी कितीही शिल्लक असूदे, पाच-सहा वर्षांच्या वरचं रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही. गाडी खाली करू नकोस. आपल्या वाडीत शिरताना पाणंदीचा चढ, गतिरोधक, आणि हायवेवर अजूनही कुठे डायव्हर्जन निघेल सांगता येत नाही. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन) लावायचेच तर उंची कंपनीचीच ठेव, आणि आट्यांवर वॅक्स मारून कपड्याचं आवरण घाल, नाहीतर दोन पावसाळ्यांत कॉलर फिरायची बंद.

आता एअर इनटेक. लोक बंपरच्या आत खाली फिल्टर नेऊन बसवतात, थंड हवा मिळते म्हणून. मुंबई-पुण्यात ठीक असेल. इथे जुलैत एका वळणावर साचलेल्या पाण्यात गाडी गेली की तोच फिल्टर पाणी पितो, पाणी सिलिंडरमध्ये दाबलं जात नाही, रॉड वाकतो. कंपनीचा एअर बॉक्स ठेव, आत चांगला फिल्टर टाक, झालं. विम्यात इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन मिळत असेल तर घे, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्ट करू नको, ढकलून बाहेर काढ.

पेट्रोल. जपानात प्रीमियम पेट्रोल जवळपास १०० ऑक्टेनचं मिळतं, ह्या इंजिनाची घडण त्याच वातावरणातली. आपल्याकडे ९५ चं मिळेल, १०० चं मुंबई-पुण्यासारख्या शहरांत. म्हणून मॅप (ईसीयू म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं इंधन-बूस्टचं सेटिंग) ९५ वरच करायचा, कारण जिथे खरं चालवणार तिथे तेच मिळणार, १०० वर ट्यून करून सावंतवाडीच्या पंपावर साधं भरलं की नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिनाला ठोके. आणि आता २० टक्के इथेनॉल आलंय. त्याला हवेच्या मानाने जास्त इंधन लागतं, शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा तर ह्याला साडेतेराच्या आसपास. हळू चालवताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून सुधारून घेतो, पण फुल बूस्टला तो ठरलेल्या तक्त्यावर चालतो, तिथे मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, आणि पातळ मिश्रणावर बूस्ट म्हणजे पिस्टन वितळायची सोय. म्हणून जुन्या मालकाने २०१५-१६ ला केलेला 'स्टेज वन' मॅप आज तसाच चालवू नको. वाइडबँड (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा सेन्सर) लावून, डायनोवर (चाकं जागेवर फिरवून ताकद मोजायचं यंत्र), आजच्या पेट्रोलवर परत करून घ्यायचा. फ्युएल पंप, इंजेक्टर, रबरी नळ्या त्याआधी तपासायच्या.

चारशेचं बोलू. गाडीची कंपनीची ताकद तीनशेच्या जवळ. स्टॉक टर्बो, ९५ चं पेट्रोल, चांगला इंटरकूलर, पंप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर ठेवून नीट मॅप, ह्यावर क्रँकला (चाकांवर नाही, इंजिनावर मोजलेले) ३४०-३५० सुखाने निघतात आणि गाडी रोज सकाळी स्टार्ट होते. चारशे चाकांवर हवेत तर टर्बो, इंजेक्टर, इथेनॉलचं वेगळं प्रमाण, आणि मग रॉड आणि एसएसटीचे क्लच दोन्ही धोक्यात, म्हणजे इंजिन उघडून फोर्ज्ड रॉड-पिस्टन, गिअरबॉक्स उघडून क्लच. बोअरिंग, क्रँकचं काम कोल्हापूरला उद्यमनगरात उत्तम होतं, माणसं हुशार आहेत, पण क्लिअरन्सचे आकडे कागदावर लिहून द्यायचे आणि परत आल्यावर स्वतः मोजायचे. जमेल, पण ते वरचे घोडे तुला आंबोलीत कुठे वापरता येणार ते मला सांग. तिसऱ्या वळणावर एसटी समोर असते.

राहिलं, तू बोटीवर असताना गाडीचं काय. तुझ्या गाडीला हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि तू तो विचारलाच नाहीस. सहा महिने दारात, त्यात पावसाळा. माडाखाली लावायची नाही हे सांगायला नको, झावळ पडली तरी ॲल्युमिनियमचं छप्पर गेलं. आंब्याखाली, काजूखाली पण नको, पानं काचेखालच्या जाळीत जातात, तिथली पाणी जायची भोकं बुजतात आणि पाणी आत कार्पेटवर. ताडपत्री घालायची नाही, आत वाफ कोंडते. शेड हवी, तीन बाजूंनी हवा खेळती, खाली कोबा, माती नको. टाकी पूर्ण भरून ठेव, अर्ध्या टाकीत दमट हवा शिरते, इथेनॉल पाणी ओढतं आणि एका मर्यादेनंतर पाणी-इथेनॉल खाली बसून पंपाला लागतं. बॅटरीला मेंटेनर लाव, पण लाईटच्या झटक्यांसाठी स्टॅबिलायझरमधून. हँडब्रेक ओढून ठेवू नको, चाकाला ओंडके लाव. उंदरांसाठी दर आठवड्याला कोणीतरी बॉनेट उघडून बघायलाच हवं, वायरिंग हार्नेस कुरतडलं तर तो जपानहूनच येतो. घरच्यांना सांग, पंधरा दिवसांनी नुसती दोन मिनिटं स्टार्ट करून बंद करायची नाही, त्याने एक्झॉस्टमध्ये पाणी साचतं. एकतर वीस मिनिटं चालवून आणायची, नाहीतर हातच लावायचा नाही.

तळाला पूर्वी आपल्याकडे जळकं काळं ऑइल मारायचे, जीपला चाललं, ईव्होला नको, बुशची रबरं फुगतात. पावसाळ्याआधी तळ गोड्या पाण्याने धुवून, दोन दिवस वाळवून, सिलच्या आत आणि पोकळ भागांत वॅक्स किंवा लॅनोलिनचं कोटिंग, दर वर्षी. गंजावर रबरी अंडरकोट थापायचा नाही, खालचा गंज झाकला जातो आणि निवांत वाढतो.

विमा घेताना केलेले बदल लिहून कळव, हप्ता वाढेल, वाढूदे. आणि पार्ट बंद पडल्यावर शोधायला जाऊ नकोस, ईव्हो बनायची २०१६ मध्येच बंद झालीय, तू जगभर फिरतोस तर जपानच्या बंदरात बोट लागली की ऑइल फिल्टर, पॅड, सेन्सर असलं छोटं सामान पार्ट नंबर बघून घेऊन ये.

आता असं कर. गोव्यातल्या माणसाकडून आरसीच्या दोन्ही बाजू, इन्व्हॉइस किंवा बिल ऑफ एन्ट्री, आणि कोरलेल्या चेसिस नंबरचा जवळून फोटो मागव. इन्शुरन्सची मागच्या पाच वर्षांची कॉपी पण, २०२१ चा क्लेम असेल तर त्यातच दिसेल. हे पाठवायला तो टाळाटाळ करत असेल तर गाडी बघायला जायचं पेट्रोल वाचव. पाठवलं, तर म्हापशात लिफ्ट असलेलं एक गॅरेज माझ्या ओळखीचं आहे, तिथे सकाळी लवकर गाडी थंड असताना आणायला सांग, स्कॅनर मी घेऊन येतो. टोकन तोपर्यंत देऊ नकोस.